एका ताटाचं कोर्ट

सदानंद मेस्त्रींकडे कुणाचीही तक्रार घेऊन जा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "दुसरी बाजू खंय आसा?"

तक्रार चहावाल्याची असो, एसीची असो, नाहीतर आमच्या ओमानी मॅनेजरची. एकदा मी वैतागून ऑफिसात नवऱ्याबद्दल काहीतरी बोलले. बोलले म्हणजे काय, पाच मिनिटं तोंडाचा पट्टा सुरू होता. मेस्त्रींनी फाईल मिटली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "बोलव घोवाक. दुपारी ताट मांडूया." मी म्हटलं, "अहो, मन मोकळं करत होते मी!" तर म्हणे, "मन मोकळा करूक देव आसा. माझ्याकडे इलंस तर दोघांनी येवचा."

ओमानमध्ये रुवीतल्या आमच्या काँट्रॅक्टिंग कंपनीत आमची टेबलं शेजारी होती. नऊ वर्षं. मी कामगारांचे पासपोर्ट, कार्ड, व्हिसा यांची कागदपत्रं बघायची आणि मेस्त्री कंपनीचे कामगार कॅम्प बघायचे. खोल्या, पाणी, मेस, सगळं त्यांच्याकडे. गाव देवगडकडचं. ऑफिसचं बोलणं असलं की शुद्ध मराठी, आणि मनातलं बोलायचं झालं की मालवणी. त्यामुळे साहेब कधी बोलतायत आणि मेस्त्री कधी, ते आम्हाला लगेच कळायचं.

पण सदानंद मेस्त्री म्हणून त्यांना कुणी ओळखत नसे. कॅम्पवर विचारा, जज्जसाहेब. वॉचमनसुद्धा "जज्ज साब" म्हणायचा. खरं म्हणजे तरुणपणी त्यांना वकील व्हायचं होतं. काँट्रॅक्टच्या कायद्याच्या पेपरात तीनदा आपटले. "आणि आयुष्य गेला खंय? काँट्रॅक्टिंग कंपनीत!" असं म्हणून स्वतःच पोट धरून हसायचे. हसून झालं की मात्र चष्मा काढून पुसत बसायचे. ते मी बघितलेलं आहे.

मग त्यांना अबनरराव भेटले.

ही गंमत सांगायलाच हवी. रुवीत कुणी कायमचं गावी निघालं की नको असलेलं सामान जिन्याखाली ठेवून जातं. कुकर, खुर्च्या, मुलांची सायकल. तशाच एका खोक्यात मेस्त्रींना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं. एकोणिसाव्या शतकातल्या कुणा अमेरिकन माणसाचं चरित्र. अ‍ॅबनर व्हिटलो. आधी वकील, मग जज्ज, मग राजकारणात. आपल्याकडे कुणी नाव ऐकलेलं नसेल, आणि मला वाटतं तिकडेही फारसं कुणी ऐकलेलं नसावं. पुस्तकाला पुठ्ठा नव्हता आणि शेवटचं प्रकरण फाटून गेलेलं होतं. मेस्त्रींनी ते घरी नेलं, डिक्शनरी घेऊन वाचलं आणि त्या दिवसापासून ते व्हिटलो कायमचे अबनरराव झाले.

"शेतकऱ्याचो पोर गो!" मला सांगायचे. "कॉलेज नाय, काय नाय. दुसऱ्या वकिलाच्या हापिसात कागदांच्या नकला करून कायदो शिकलो. परीक्षा घेतल्यानी ती पण तोंडी." इथे एक उसासा. काँट्रॅक्टचा पेपर आठवत असणार.

त्या काळी तिकडे म्हणे कोर्ट एका जागी बसायचं नाही. जज्ज घोड्यावर बसून चिखलातून गावोगाव हिंडायचा, आणि वकीलही त्याच्याबरोबर. त्याला सर्किट म्हणत. खाणावळीत जागा कमी, म्हणून दिवसभर एकमेकांशी भांडलेले वकील संध्याकाळी एकाच टेबलावर जेवत आणि एकाच बिछान्यात झोपत. हे वाचल्यावर मेस्त्री दोन दिवस कामाला होते की नव्हते कुणास ठाऊक. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "माझा पण सर्किटच आसा." अल खौदचा कॅम्प, रुवीचा कॅम्प, आणि महिन्यातून एकदा सहा तास गाडी हाकून दुक्म. घोड्याच्या जागी कंपनीची पिकअप, आणि चिखलाच्या जागी मधेच रस्त्यावर येऊन ढिम्म उभे राहणारे उंट.

आणि मग सुरू झालं ते एका ताटाचं कोर्ट.

नियम सोपा. दोघांचं भांडण असेल तर दोघांनी मेसमध्ये यायचं, एका बाकावर शेजारी बसायचं आणि एका ताटात जेवायचं. जेवण संपल्याशिवाय मेस्त्री केस ऐकत नसत. एका खोलीतल्या दोघांचं एसीवरून जुंपलं होतं, ती केस मी स्वतः अल खौदच्या कॅम्पवर बघितली, कारण कार्डांवर सह्या घ्यायला मी तिथे गेले होते. एकाला अठरा हवं, दुसऱ्याला सव्वीस. रिमोट फोडण्यापर्यंत मजल. मेस्त्रींनी दोघांसमोर एक ताट ठेवलं. डाळ, भात, कोबीची भाजी आणि पापड एकच. पहिली पाच मिनिटं दोघांच्या माना विरुद्ध दिशांना. मग पापडाकडे दोन हात एकदम गेले. एकाने तो मोडून अर्धा दुसऱ्याच्या बाजूला ठेवला. मेस्त्री मला हळूच म्हणाले, "खलास. केस मिटली." मग निकाल काय, तर खाटांची अदलाबदल. ज्याला थंडी वाजते तो एसीपासून लांब. हे आधी कुणाला सुचलं नव्हतं, कारण आधी कुणी जेवलंच नव्हतं.

मी विचारलं, "हे ताटाचं पुस्तकात आहे?" तर जरा लाजून म्हणाले, "टेबल पुस्तकातला. ताट माझा."

पुस्तकाचं ते मराठी भाषांतरही करत होते. लांबट वह्या, निळं बॉलपेन, टपोरं अक्षर. जेवणाच्या सुट्टीत मला वाचून दाखवायचे. एकदा आठवडाभर वही उघडलीच नाही. विचारलं तर एकदम उसळले. "चाळीस पानां झाली. तिकडे माणसां विकतत, आणि हो बाबा गुलामगिरीवर एक शब्द बोलत नाय! एवढो हुशार, एवढो न्यायी!" मी म्हटलं, "का नसेल बोलत?" मेस्त्री म्हणाले, "भिता. मतांक भिता. निवडणुकीक उभो रवचो आसा ना." हे ते इतक्या दुःखाने म्हणाले, जसा काही घरातलाच कुणी चुकला होता. पुढे अबनरराव बोलले, उशिरा का होईना बोलले, तेव्हा कुठे वही पुन्हा उघडली. मला हा माणूस आवडायचा, सांगूनच टाकते. दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसावर रागावणारा दुसरा कुणी मी पाहिलेला नाही.

आता त्यांच्या दुखऱ्या जागेबद्दल. मेस्त्रींना आमच्या मराठी मंडळाचं अध्यक्ष व्हायचं होतं. हसू नका. परदेशात मंडळाचं अध्यक्षपद म्हणजे काय असतं ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही. ते दोनदा उभे राहिले होते आणि दोनदा पडले होते, कारण अध्यक्ष व्हायचे ते मोठ्या हुद्द्यावरचे, सूटबूटवाले. कॅम्प बघणाऱ्या माणसाला कोण मत देणार? पण त्यांचं म्हणणं होतं की मंडळात फक्त फ्लॅटवाले येतात, कॅम्पवाले येत नाहीत, आणि तो दरवाजा उघडायला कुणीतरी हवं. निवृत्ती जवळ आली होती. पुढच्या वर्षी व्हिसा संपणार, माणूस देवगडला जाणार. ही शेवटची संधी होती, आणि या वेळी वारं चक्क त्यांच्या बाजूने होतं. लोक स्वतःहून फोन करत होते. त्यांनी नवा शर्टसुद्धा शिवला होता.

नेमकं त्याच वर्षी गणपतीत दुक्मला ते मोदकांचं प्रकरण झालं.

दुक्म म्हणजे वाळू, रिफायनरी, बंदर आणि नुसते पुरुष. तिथल्या कॅम्पवर आपली चाळीसेक कोकणातली माणसं रिक्रिएशन रूममध्ये दीड दिवसाचा गणपती बसवायची. मोदक करायचा कॅम्पचा आचारी, इनास. वसईचा कॅथलिक, साठीला आलेला, कमी बोलणारा. उकडीचे मोदक असे करायचा की माझ्या आईने पाण्यात बघावं. कळी न् कळी सारखी. त्यासाठी त्याने एक भलंमोठं मोदकपात्र वेगळं ठेवलेलं. त्याच्या झाकणाची मूठ तुटली होती, म्हणून त्याने सुतारांकडून दाराची पितळी मूठ आणून बसवली होती. त्या भांड्यात तो मासा-मटण सोडाच, अंडंसुद्धा कधी उकडत नसे.

त्या वर्षी नैवेद्याच्या मोदकांखाली, चाळणीच्या कडेला, माशाचे खवले सापडले.

झालं! फोटो निघाले, ग्रुपवर फिरले. "सोवळ्याचं काय कळणार त्याला!" असली वाक्यं, जी एरवी तोंडातून निघाली नसती, ती निघाली. दुक्मचा फिटर शिवराम याने मेस्त्रींना फोन लावला. मेस्त्री तेव्हा कुठे होते? एका सभासदाच्या घरी, आरतीला, प्रचाराला. आजूबाजूला पंधरा मतदार, सगळे कान टवकारून. शिवराम तावातावाने बोलला. आणि आयुष्यात पहिल्यांदा मेस्त्रींनी विचारलं नाही की दुसरी बाजू खंय आसा. म्हणाले, "इनासला सणाच्या चुलीवरून बाजूला करा. सध्या दुसरं काम द्या." फोन ठेवला, तेव्हा घरातली माणसं म्हणाली, "वा, निर्णय असा पाहिजे!"

दुसरं काम म्हणजे काय, तर कॅम्प बॉसने इनासला भांडी घासायला बसवलं. बावीस वर्षं आचारी असलेल्या माणसाला. सण संपला तरी तो तिथेच राहिला, कारण त्याला परत चुलीवर आणा असं कुणी सांगितलंच नाही.

मंडळाची निवडणूक त्यानंतर तीन आठवड्यांनी, शुक्रवारी होती. आदल्या दिवशी, गुरुवारी, दुक्मचा संतोष नावाचा वेल्डर कार्डाच्या कामाला माझ्या टेबलाशी आला. ओळखीतला, बोलका. सिस्टीम बंद पडली होती, म्हणून वेळ घालवायला मला फोनवरचे फोटो दाखवत बसला. गणपतीच्या आधीच्या शुक्रवारी चौघे समुद्रावर गेले होते. कोळ्यांनी ताजे बांगडे दिले होते. आणि तिथे, वाळूत, तीन दगडांवर, एक भांडं. झाकणाला पितळेची दाराची मूठ.

मी फोन त्याच्या हातातून घेतला. "संतोष, हे मोदकपात्र ना रे?"

त्याचा चेहरा पडला. "मॅडम, चकाचक घासून ठेवलेलं हो. वाळूने घासलं. इनासभाऊला मी सांगितलं, मका उकडायला नेतो. समुद्र समोर, मासा ताजा, मग राहवलं नाही. पुढे एवढं होईल असं कुणाला वाटलं होतं?"

"मग बोलला का नाहीस?"

"चाळीस माणसं चवताळलेली. कसं बोलणार?"

खरं सांगते, फोटो मेस्त्रींना दाखवण्याआधी मी एक कप चहा पिऊन विचार केला. एक दिवस थांबलं तर काय बिघडतंय? शनिवारी सांगू. निवडून येऊ देत बिचारे. पण पोटात ठेवणं मला जमत नाही, हे सगळ्या रुवीला माहीत आहे.

मेस्त्रींनी फोटो बघितला. बोटांनी मोठा करून ती मूठ बघितली. मग बराच वेळ टेबलावरचा स्टेपलर इकडून तिकडे सरकवत राहिले.

"इनासाक म्हायती असतला," ते म्हणाले. "भांडा कोणी नेला हुता, ता त्येका ठावक. तरी तो गप रवलो."

मी म्हटलं, "उद्याची निवडणूक होऊ दे. शनिवारी जा दुक्मला. तीन आठवडे गेले, दोन दिवसांनी काय होतंय?"

"तीन आठवडे तो भांडी घासता."

"मग फोन करा ना! आत्ता करा."

"फोनवर निकाल दिलंय, तोच घोटाळो झालो." मग मान वर करून म्हणाले, "पुस्तकात शेवटचा पान काय आसा, सांग."

मला पाठ होतं. कितीदा ऐकलेलं. अबनररावांनी एका लोहाराला चुकीची शिक्षा दिली होती, हे त्यांना ऐन निवडणुकीत कळतं. मतदानाच्या सकाळी ते खोगीर चढवतात आणि मतदानाच्या गावाला पाठ करून लोहाराच्या गावाकडे निघतात. पुढचं पान फाटलेलं. ते जिंकले की हरले, लोहार काय म्हणाला, काहीच ठाऊक नाही. मी एकदा नेटवर शोधायला गेले तर माझ्या हातातून माउस काढून घेतला होता. "तसला काय करूचा नाय. आपल्याक तेवढाच सांगितला हा, तेवढाच पुरे."

"अहो, पण ते पुस्तक आहे, मेस्त्री," मी जवळजवळ ओरडले. "हे तुमचं आयुष्य आहे! पुन्हा संधी नाही!"

"माका समाजता गो," ते इतकंच म्हणाले. मग खणातून पिकअपची किल्ली काढली.

शुक्रवारी अकरा वाजता रुवीच्या हॉलमध्ये मी नवऱ्याला आणि लेकीला घेऊन बसले होते. मतदानाआधी उमेदवारांची भाषणं. पुकारा झाला, "श्री. सदानंद मेस्त्री." माना वळल्या. पुन्हा पुकारा झाला. मागून कुणीतरी म्हणालं, "ऐन वेळी पळाले वाटतं." मी उठून बोलणार होते, तेवढ्यात फोनवर संतोषने व्हिडिओ पाठवला. तो आदल्या संध्याकाळीच दुक्मला परतला होता.

हॉलच्या गोंगाटात आवाज काही ऐकू येत नव्हता. नुसतं दिसत होतं. दुक्मची मेस. भिंतीला टेकून उभी असलेली सगळी माणसं, शिवराम पुढे, मान खाली. मेस्त्री नवा शिवलेला शर्ट घालून उभे, हात जोडलेले, काहीतरी बोलतायत. मग ते बाकावर बसले. समोर एक ताट. शेजारी इनास, साबणाने पांढरी पडलेली बोटं मांडीवर ठेवून. भात, कालवण, बांगडा. मेस्त्री जेवत नव्हते. इनासही नाही. मेस्त्री नुसते ताटाकडे बघत थांबलेले. एक मिनिट. कॅमेरा हलला आणि व्हिडिओ संपला.

मेस्त्री पडले. साफ पडले. ते का आले नाहीत हे सगळ्यांना कळलं, तेव्हाही काही जण म्हणाले, "एका आचाऱ्यासाठी एवढं?" त्यांना काय सांगणार, कपाळ?

रविवारी ऑफिसात मी विचारलं, "शेवटी जेवला का तो?"

मेस्त्री कॅम्पची यादी तपासत होते. "चुलीवर परत गेलो. लेखी ऑर्डर काढलंय."

"ते नाही विचारत. जेवला का? काही बोलला का?"

त्यांनी यादीचं पान उलटलं. "बोललो तो. म्हणालो, साहेब, तुम्ही विचारलं असतं तरी मी त्या पोरांची नावं सांगितली नसती. पण विचारायला हवं होतं."

"आणि ताट?"

"पुढचा पान नाय," मेस्त्री म्हणाले आणि यादीत डोकं घातलं. मी चरफडले. पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून याहून जास्त निघणार नव्हतं.

पुढच्या वर्षी ठरल्याप्रमाणे ते गावी निघाले. शेवटच्या दिवशी माझ्या टेबलावर सात वह्या ठेवल्या, सुतळीने बांधलेल्या. "तुझ्या पोरीक वाचूक दी. मराठी सुधारतला." आमची इरा इथेच वाढलेली, तिचं मराठी म्हणजे दगडावरून चालल्यासारखं. तरी तिने सातवी वही उघडली आणि शेवटून वाचायला लागली, कारण तिला सगळं शेवटूनच कळायला हवं असतं.

"मम्मा, धिस इज वीअर्ड. अमेरिकेत बांगडा कसा आला?"

मी वही ओढून घेतली. फाटलेलं प्रकरण मेस्त्रींनी स्वतःच लिहिलं होतं. घोड्यावरून अबनरराव लोहाराच्या गावी पोचतात. भर बाजारात टोपी काढून सांगतात की चूक माझी. मग दोघांपुढे एक ताट येतं, भात आणि बांगड्याचं तिखलं. लोहार ताटाला हात लावत नाही. जज्जही नाही. भात निवतो. कालवणावर साय धरते. जज्जाला वाटतं, हा उठून जाणार, आणि त्याचा तो हक्कच आहे. तेवढ्यात लोहार हात पुढे करतो, बांगड्याचा मधला मोठा तुकडा उचलतो, जज्जाच्या बाजूच्या भातावर ठेवतो आणि म्हणतो, "काटे बघून खा, साहेब."

एवढंच. खाली एक रेघ, आणि वही संपली. मी रडले. इरा म्हणाली, "बट डिड ही विन?"

तोच प्रश्न मी विमानतळावर विचारला. मेस्त्री ट्रॉलीवर दोन खोकी घेऊन उभे होते, अंगात तोच नवा शर्ट, आता दोन धुण्यांनी मऊ पडलेला. "सगळं लिहिलंत, पण अबनरराव निवडून आले की नाही, ते लिहायचं राहिलं की हो."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. आधी माझ्याकडे बघितलं, मग इराकडे.

"माका काय म्हायती?" ते म्हणाले. "निकाल लागलो तेव्हा तो जेवक बसलो हुतो."

आणि ट्रॉली ढकलत आत गेले.